जर्मन रोमँटिसिझम वाचायला सुरुवात कशी करावी

'रोमँटिक' म्हटले की आपल्याकडे प्रेमकथा डोळ्यांसमोर येते. ती समजूत आधी बाजूला ठेवावी; इथे रोमँटिसिझम म्हणजे जर्मनीतली साहित्य-कलांची एक चळवळ. १७९८ साली फ्रीडरिश आणि आउगुस्ट विल्हेल्म या श्लेगेल बंधूंनी 'अथेनेउम' हे नियतकालिक सुरू केले. त्यांच्याभोवती येना या जर्मन शहरात जमलेल्या लेखकांना केवळ तर्काने जग पुरते कळते हे मान्य नव्हते. त्यांच्यातला नोवालिस अठ्ठाविसाव्या वर्षी वारला. त्याच्या अपूर्ण कादंबरीतल्या नायकाला स्वप्नात एक निळे फूल दिसते आणि त्याची ओढ त्याला घरात स्वस्थ बसू देत नाही. या ओढीला मराठीत 'हुरहूर' हा शब्द मला सर्वांत जवळचा वाटतो.

तरीही आरंभ नोवालिसपासून किंवा श्लेगेल बंधूंच्या चिंतनापासून करू नये, ग्रिम बंधूंच्या लोककथांपासून करावा. शक्य असल्यास हिमगौरीच्या कथेची १८१२ आणि १८१९ या दोन आवृत्त्यांतील रूपे शेजारी ठेवून वाचावीत. पहिल्या रूपात मुलीच्या जिवावर उठलेली राणी तिची सख्खी आई आहे, दुसऱ्यात ती सावत्र झाली आहे. लोकांच्या तोंडची कथा जपणारेच तिच्यावर हात फिरवत होते, हे इथे उघड दिसते.

हे नीट उमगण्यासाठी आपल्या मराठवाड्यात एक सोपा अभ्यास करता येतो. घरातल्या किंवा शेजारच्या आजींकडून जात्यावरची ओवी ऐकावी, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावी आणि एकही शब्द न बदलता उतरवून घ्यावी. परभणीकडच्या एका आजींना दुसरी ओळ काही केल्या आठवेना. कोपऱ्यातल्या जुन्या जात्याच्या खुंट्यावर हात ठेवला, तशी ती आपसूक आली. उतरवताना बोलीतला एखादा शब्द 'शुद्ध' करण्याचा मोह मला झाला, तेव्हा ग्रिम बंधूंची अडचण मला कळली.

पुढे संगीताकडे वळावे. विल्हेल्म म्युलरच्या कवितांना संगीतकार शुबर्टने १८२७ मध्ये चाली दिल्या, ती 'हिवाळी प्रवासा'ची २४ गीते अर्थ समोर ठेवून, एका बैठकीत ऐकावीत.

भारताशी असलेला धागा शेवटी घ्यावा. फ्रीडरिश श्लेगेलने १८०८ मध्ये भारतीयांच्या भाषेवर व ज्ञानावर ग्रंथ लिहिला, तर त्याचा थोरला भाऊ आउगुस्ट विल्हेल्म याने १८२३ मध्ये बॉन येथे भगवद्गीता लॅटिन अनुवादासह छापली. आपल्याकडे ज्ञानेश्वरी वाचत मोठ्या झालेल्या वाचकाने तो अनुवाद निदान एकदा उघडून पाहावा.