टॉर रिलेला ट्रॅफिक मिळत नव्हतं, तेव्हा

जर्मनीत भाड्याच्या व्हीपीएसवर (व्हर्च्युअल सर्व्हरवर) मी टॉरचा मिडल रिले चालवतो, म्हणजे टॉर या निनावी इंटरनेट नेटवर्कमध्ये ट्रॅफिक पुढे ढकलणारा मधला सर्व्हर. लाईन भरपूर मोठी, वेग तपासणाऱ्या 'आयपर्फ'चे आकडे झकास, पण कन्सेन्सस वेट (रिलेला किती ट्रॅफिक मिळावं हे ठरवणारा नेटवर्कचा आकडा) काही केल्या हलेना. नवा रिले सुरुवातीला हळूच चढतो, म्हणून आधी थांबलो. तरी ढिम्म!

मोजणी कशी होते हे पाहिल्यावर धागा सापडला. रिले स्वतः जाहीर करतो तो आकडा गेल्या 5 दिवसांत सलग 10 सेकंद टिकलेल्या सर्वाधिक वेगावर ठरतो. बँडविड्थ ऑथॉरिटी, म्हणजे रिलेंचा वेग मोजणारे टॉरचे सर्व्हर, 'एसबीडब्ल्यूएस' या प्रोग्रॅमने दोन रिलेंच्या सर्किटमधून (जोडमार्गातून) डाउनलोड करून वेग बघतात, नेटवर्कच्या सरासरीशी ताडतात आणि त्या गुणोत्तराने जाहीर आकड्याला गुणतात. म्हणजे ट्रॅफिक नाही म्हणून आकडा लहान, आणि आकडा लहान म्हणून ट्रॅफिक नाही. कोंबडी आधी की अंडं, तसलाच प्रकार.

मग जरा लोड आल्यावर सीपीयूचा वापर दाखवणारं 'टॉप' उघडलं. टॉरच्या प्रोसेसने एक कोर जवळपास शंभर टक्के खाल्लेला, बाकीचे कोर निवांत. सीपीयूच्या फ्लॅग्जमध्ये (सोयींच्या यादीत) 'एईएस', म्हणजे हार्डवेअरमधूनच एन्क्रिप्शन करायची सोय, नव्हतंच! होस्टिंगवाल्यांनी व्हर्च्युअल मशीनला जुनाट सीपीयू मॉडेल दिलं होतं, त्यामुळे सगळं एन्क्रिप्शन सॉफ्टवेअरमधून. सपोर्टला तिकीट टाकलं, त्यांनी मॉडेल बदललं, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं.

वेट लगेच उसळत नाही, कारण एसबीडब्ल्यूएससुद्धा मागच्या काही दिवसांची मापं धरतं. त्या काळात सेटिंग्जशी खेळू नका, आणि रिलेची ओळख ठरवणारी 'की' (गुप्त किल्ली) जपून ठेवा. ती गेली की रिले नवा धरला जातो, मोजणी पुन्हा पहिल्यापासून.