सिन्नर अर्ध्या दिवसात कसं पाहावं

नाशिक-पुणे रस्त्यावर नाशिकपासून ३० किलोमीटरवर सिन्नर आहे. शिर्डीकडे जाणाऱ्या हजारो गाड्या रोज इथून वळतात, पण थांबतात फार थोड्या. देवगिरीच्या आधी यादवांची राजधानी इथे होती. त्या काळाचं वैभव गोंदेश्वराच्या मंदिरात अजून उभं आहे.

नाशिकहून एसटीने यायचं तर सिन्नर बसस्थानकाचंच तिकीट घ्या. लांब पल्ल्याच्या काही गाड्या बायपासने निघून जातात, म्हणून चढतानाच कंडक्टरला विचारा. स्थानकापासून मंदिरापर्यंत रिक्षाने जाता येतं.

गोंदेश्वर सकाळीच गाठा. मंदिर पूर्वाभिमुख आहे, त्यामुळे तेव्हा दर्शनी भागावर चांगला उजेड असतो. दुपारी काळा पाषाण इतका तापतो की अनवाणी प्रदक्षिणा अर्ध्यावर सोडावी लागते. मोजे जवळ ठेवा. पावसाळ्यात मात्र ते काढा, गुळगुळीत दगडावर पाय घसरतो.

लगेच आत शिरू नका. आधी जोत्यावर उभं राहून मांडणी पाहा: मधे महादेव, समोर नंदीमंडप, चार कोपऱ्यांत पार्वती, गणपती, सूर्य आणि विष्णू यांची छोटी मंदिरं. हे शैव पंचायतन. मग मागच्या बाजूला जाऊन शिखर न्याहाळा. खालून वर जाणारे उभे पट्टे आणि त्यांच्यामध्ये एकावर एक रचलेल्या इवल्या शिखरांच्या ओळी दिसतील. ही भूमिज शैली, आणि महाराष्ट्रात ती इतक्या चांगल्या अवस्थेत क्वचितच सापडते. प्रदक्षिणेत भिंतींवरचे रामायणातले प्रसंग शोधा. घाईत ते हमखास निसटतात. सभामंडपात अंधार असतो, खांबांवरचं काम पाहायला डोळे सरावू द्या. या सगळ्याला किमान दीड तास हवा.

लोक याला सरसकट हेमाडपंती म्हणतात. हे नाव यादवांचा मंत्री हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत याच्यावरून आलं. मंदिर साधारण बाराव्या शतकातलं आणि हेमाद्री तेराव्या शतकातला, तेव्हा ते त्याने बांधलेलं असणं शक्य नाही.

गावातलं ऐश्वर्येश्वर मंदिर लहान आहे आणि त्याचं शिखर उरलेलं नाही, म्हणून लोक ते टाळतात. तसं करू नका. गाभाऱ्याआधीचं मकरतोरण, म्हणजे मगरीसारख्या मकरांची कोरीव कमान, पाहण्यासाठी तरी वाट वाकडी कराच. त्याला ऐश्वरेश्वर किंवा आयेश्वर असंही म्हणतात. पत्ता विचारताना तिन्ही नावं सांगून पाहा.

परतताना माळेगाव एमआयडीसीतलं गारगोटी संग्रहालय घ्या. दख्खनच्या बेसाल्टमधल्या पोकळ्यांत पाणी झिरपून तयार झालेले अपोफिलाइट, स्टिल्बाइट, स्कोलेसाइट यांचे स्फटिक तिथे मांडले आहेत. मंदिर आधी पाहिलेलं असेल तर त्याच काळ्या खडकाच्या पोटातली ही रंगीत दुनिया जास्त समजते. निघण्यापूर्वी संग्रहालयाची वेळ फोनवर विचारून घ्या.