हेडिंग आणि मेंदू: फुटबॉल खेळणाऱ्यांनी, शिकवणाऱ्यांनी या चुका टाळा

हेडिंग म्हणजे बॉल डोक्याने मारणं, आणि तसा मारलेला एक फटका म्हणजे हेडर. बॉल डोक्याला लागला, पोरगा पडला नाही, चक्कर आली नाही, म्हणजे काही झालंच नाही असं धरून चालणं ही सगळ्यात मोठी चूक. मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो, डोक्याला झटका बसला की तो आत हलतो, आणि एका हेडरने काही जाणवलं नाही तरी वर्षानुवर्षं तेच चालू राहिलं की हिशोब वेगळा होतो. ग्लासगो युनिव्हर्सिटीने स्कॉटलंडच्या जुन्या प्रोफेशनल प्लेयर्सचा अभ्यास केला, त्याचे रिझल्ट 2019 मध्ये आले, आणि डिमेन्शियासारख्या (स्मरणशक्ती आणि विचारशक्ती हळूहळू जाणं) मेंदूच्या आजारांनी मरण्याचं प्रमाण त्यांच्यात इतरांच्या साडेतीन पट निघालं. पुढे 2021 मध्ये पोझिशनप्रमाणे बघितलं तर गोलकीपर जवळपास सामान्य माणसांसारखेच, आणि डिफेंडर्सना या आजारांचा धोका सगळ्यात जास्त, साधारण पाच पट. डिफेंडर्स हेडिंग भरपूर करतात, गोलकीपर जवळपास करतच नाहीत. यावरून हेडिंगच कारण हे शंभर टक्के सिद्ध होत नाही, पण सावध व्हायला एवढं बास आहे.

"ते जुने लेदरचे बॉल होते हो, आताचे हलके असतात" हे कायम ऐकायला मिळतं. चूक आहे. जुना बॉल पाणी पिऊन जड व्हायचा हे खरं, पण कोरडा असताना त्याचं वजन आताच्या साइज 5 बॉलएवढंच, 410 ते 450 ग्रॅम. आताचा बॉल पाणी कमी पितो पण येतो जोरात, आणि झटका वजनासोबत वेगावरही ठरतो.

आता खरा मुद्दा, प्रॅक्टिस. मॅचमध्ये किती हेडर येतील ते आपल्या हातात नसतं, पण लाइन लावून लांबून बॉल उडवायचा आणि एकामागून एक हेडर मारायला लावायचे हे पूर्णपणे आपल्या हातात असतं, आणि तिथेच सगळ्यात जास्त उगाचचे फटके बसतात. इंग्लंडमध्ये 2021 पासून प्रोफेशनल प्लेयर्सनाही प्रॅक्टिसमध्ये आठवड्याला जास्तीत जास्त 10 जोराचे हेडर अशी गाइडलाइन आहे, मग शाळेतल्या पोरांकडून एका संध्याकाळी त्याहून जास्त का मारून घ्यायचे? अमेरिकेत 10 वर्षं आणि त्याखालच्या मुलांना हेडिंग बंदच आहे. टेक्निक शिकवायचीच असेल तर फुग्याने, मऊ बॉलने, हाताने जवळून टाकून शिकवा: डोळे उघडे, तोंड बंद, कपाळाने मारायचं, मान घट्ट. मानेचे व्यायाम पण रूटीनमध्ये घ्या, मान मजबूत असली की डोकं कमी हलतं.

बॉलमध्ये दगडासारखी हवा भरू नका, नियमात 8.5 ते 15.6 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) चालतं, खालच्या बाजूला ठेवा. वयाप्रमाणे साइज घ्या. हेडबँड घातला की झालं असं समजू नका, त्याने कापणं-खरचटणं वाचेल पण मेंदूचं आत हलणं तो थांबवू शकत नाही.

आणि फटका बसलाच तर? हवेत दोघं एकाच बॉलवर गेले, डोक्याला डोकं किंवा कोपर लागलं, कन्कशन (झटक्याने मेंदूचं काम तात्पुरतं बिघडणं) बऱ्याचदा असंच होतं, आणि त्यात बेशुद्ध पडायलाच पाहिजे असं अजिबात नाही. पोरगा उठतो, डोळे मिचकावतो, "स्कोर काय झाला?" विचारतो, आणि मिनिटभराने परत तेच विचारतो. अशा वेळी तोंडावर पाणी मारून "जा, खेळ" म्हणू नका, त्याचा त्या दिवसाचा खेळ संपला, तो कितीही "मी ओके आहे" म्हणाला तरी, आणि त्याला एकटं सोडू नका. परत परत उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झोपेत गेल्यासारखं होणं, फिट येणं, हातापायात कमजोरी, मान दुखणं, यातलं काही दिसलं तर लगेच हॉस्पिटल. सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणून कन्कशन नाही असंही नसतं, स्कॅन रक्तस्राव आणि फ्रॅक्चर शोधायला असतो.

परत खेळायची घाई करू नका. पहिले एक-दोन दिवस आराम, स्क्रीन कमी, मग हळूहळू चालणं, अभ्यास, हलकं रनिंग, एकट्याने बॉलसोबत ड्रिल, आणि डॉक्टरने हो म्हटल्यावरच टीमसोबत फुल प्रॅक्टिस, हेडिंग सगळ्यात शेवटी. मध्ये कुठेही डोकं दुखायला लागलं तर थांबा, आणि बरं वाटल्यावर एक पायरी मागून सुरू करा.