कानाचा पडदा चांगला, तरी ऐकू कमी? या चुका टाळा

विट्यात यंत्रमागावर काम करणाऱ्या बाईला कमी ऐकू यायला लागलं की घरचे मागाच्या खडखडाटावर खापर फोडून मोकळे होतात. अनेकदा ते खरंही असतं. पण तिला एक विचारा: माग चालू असताना शेजारणीचं बोलणं घरातल्यापेक्षा बरं कळतं का? हो म्हणाली, तर ओटोस्क्लेरोसिसची शंका घ्यायला हवी. यात मधल्या कानातलं रिकीब हे जेमतेम ३ मिलिमीटरचं हाड जागीच जखडतं. गोंगाट तिच्यापर्यंत कमी पोचतो आणि समोरची मात्र ओरडून बोलत असते. स्वतःचा आवाज हाडातून मोठा ऐकू येतो, म्हणून ती हळू बोलते. सून हळू बोलते याचं कौतुक होतं, तपासणी होत नाही!

कानात कोमट तेल तर नकोच. मळ काढून पडदा स्वच्छ दिसला म्हणजे कान ठीक, असंही नाही. या आजारात पडदा बहुधा नॉर्मलच दिसतो.

खरी गफलत ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखात होते. हेडफोन लावून हवेतून ऐकण्याची तपासणी केली, आलेख खाली गेला आणि 'नस कमजोर आहे' म्हणून ऐकायचं मशीन दिलं, असं होऊ देऊ नका. कानामागच्या हाडावर व्हायब्रेटर लावून, दुसऱ्या कानाने ऐकू नये म्हणून त्यात मास्किंगचा आवाज सोडून, हाडातून ऐकण्याचीही तपासणी हवी. हाडातून चांगलं आणि हवेतून कमी, हा फरक महत्त्वाचा: नस ठीक आहे, आवाज आत पोचण्यात अडथळा आहे. हाडाच्या आलेखात २००० हर्ट्झजवळ खड्डा दिसला तरी तो नसेचाच दोष असेल असं नाही. रिकीब जखडल्यानेही तो पडतो. मागाच्या आवाजाने कान गेला असेल तर खड्डा बहुधा ४००० च्या आसपास असतो, आणि हवेचा-हाडाचा आलेख सोबतच खाली जातो.

पुढे इम्पीडन्स या मधल्या कानाच्या तपासणीत रिफ्लेक्स बघतात, म्हणजे मोठ्या आवाजाला रिकिबीचा स्नायू आकसतो का ते. रिकीब घट्ट बसलं असेल तर तो येत नाही. आलेखात फरक आहे आणि रिफ्लेक्सही येतोय, तर ऑपरेशनची घाई नको. आतल्या कानाच्या अर्धवर्तुळाकार नलिकेवरचं हाड उघडं पडलं असलं तरी असंच चित्र दिसतं. ते सीटी स्कॅनमध्ये कळतं.

मिरजेला दाखवायला जाताना जुने ऑडिओग्राम सोबत घ्या. आई, मामा, मावशी यांपैकी कुणाला तरुणपणी कमी ऐकू यायला लागलं होतं का, गरोदरपणात त्रास वाढला का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा.