छापील पटावर रोबोला काळी रेघ दिसत नव्हती: माझा अनुभव

लक्षण असं: छोटा रोबो काळ्या इलेक्ट्रिकल टेपवर नीट चालतो, पण इंकजेटवर छापलेल्या खेळाच्या पटावर पहिल्याच वळणाला रेघ सोडतो. डोळ्यांना दोन्ही रेघा सारख्याच काळ्या.

वेग निम्मा केला, थ्रेशोल्ड (काळं की पांढरं हे ठरवणारा सीमेचा आकडा) बदलला, सेन्सर वर-खाली केला. दोन संध्याकाळी वाया गेल्या, फार वैताग आला.

मग रेघ ओळखणाऱ्या टीसीआरटी ५००० सेन्सरचे कच्चे आकडे पाहिले (० ते १०२३): कोरा कागद ९०, टेप ८६०, छापील रेघ जेमतेम १५०. हा सेन्सर ९५० नॅनोमीटरच्या अवरक्त (इन्फ्रारेड, डोळ्यांना न दिसणाऱ्या) प्रकाशावर चालतो. इंकजेटची डाय-शाई (विरघळलेल्या रंगाची शाई) त्या प्रकाशाला जवळपास पारदर्शक असते, त्यामुळे खालचा कागदच दिसतो. काळ्या लेझर टोनरमधला कार्बन मात्र तो प्रकाश शोषतो.

मग या क्रमाने केलं. फाइलमध्ये रेघेचा रंग के (काळा) १०० टक्के, सी-एम-वाय (निळा, गुलाबी, पिवळा) शून्य. तिन्ही रंग मिसळून केलेला काळा चालत नाही, तोही पारदर्शकच. नंतर लेझर प्रिंट. त्यावर मॅट लॅमिनेशन. ग्लॉसी फिल्म काळ्यावरही चकाकून प्रकाश परत पाठवते. सेन्सर पटापासून ३ मिलिमीटरवर. शेवटी लॅमिनेट केलेल्या पटावरच रेघेचा आणि कोऱ्या जागेचा आकडा घेऊन दोन्हींच्या मध्यावर थ्रेशोल्ड.

रंग असे पारदर्शक असण्याचा खेळ रचताना मोठा फायदा आहे: पिवळी, गुलाबी, निळी घरं रेघेला खेटून छापली तरी रोबोला ती पांढरीच दिसतात. फक्त गडद छटांमध्ये के मिसळलेला नाही, एवढं तपासा.