कलेक्टर्स एडिशनमधली वस्तू सदोष निघाली तर: प्रकाशकांची पद्धत आणि दाद मागण्याची रीत

व्हिडिओ गेमची कलेक्टर्स एडिशन, म्हणजे संग्राहकांसाठी काढलेली खास आवृत्ती, घेणारा माणूस गेमसाठी जेवढे पैसे देतो, त्याहून कितीतरी जास्त पैसे सोबतच्या वस्तूंसाठी देतो. पुतळा, शिरस्त्राण, कापडी नकाशा, आर्टबुक (गेममधल्या चित्रांचे पुस्तक), स्टीलबुक (डिस्क ठेवण्याची धातूची डबी) हीच त्या खोक्याची खरी किंमत असते. तरीही एखादी वस्तू मोडकी, अपुरी किंवा जाहिरातीपेक्षा वेगळी निघाली की प्रकाशकाचे पहिले उत्तर बहुतेक वेळा असे येते, की जणू ती वस्तू गेमसोबत दिलेली फुकटची भेट होती. ती भेट नव्हती. तिचे पैसे घेतलेले होते. तक्रार करताना हा मुद्दा मनात पक्का असला पाहिजे, कारण पुढची सगळी पावले त्याच्यावरच उभी आहेत.

या विषयातले सर्वांत बोलके उदाहरण 2018 सालचे आहे. बेथेस्डा या प्रकाशकाने ‘फॉलआउट 76’ या गेमची ‘पॉवर आर्मर एडिशन’ सुमारे 200 डॉलरला विक्रीस काढली. तिच्यात डोक्यात घालता येण्याजोगे शिरस्त्राण होते आणि ते ठेवण्यासाठी कॅनव्हासची पिशवी मिळेल, असे विक्रीच्या पानावर लिहिले होते. नोव्हेंबर 2018 मध्ये खोकी घरोघरी पोहोचली, तेव्हा आत पातळ नायलॉनची पिशवी होती. तक्रार करणाऱ्या एका ग्राहकाला मदत विभागाने कळवले, की दाखवलेली पिशवी हा केवळ नमुना होता, ती बनवणे फार महाग पडले असते आणि याबाबत काही करण्याचा विचार नाही. त्यानंतर कंपनीने साहित्य उपलब्ध नसल्याचे कारण दिले. मग गेममधल्या दुकानात खर्च करता येतील असे 500 ‘ॲटम’ देऊ केले, ज्यांची किंमत जेमतेम 5 डॉलर होती. लोकांचा संताप शमला नाही, तेव्हा डिसेंबर 2018 च्या सुरुवातीला कॅनव्हासच्या पिशव्या नव्याने बनवून देण्याचे जाहीर झाले आणि त्यासाठी 31 जानेवारी 2019 पर्यंत खरेदीच्या पुराव्यासह अर्ज करण्याची मुदत ठेवली गेली. प्रत्यक्ष पिशव्या पोहोचायला 2019 चा उन्हाळा उजाडला.

या क्रमाकडे लक्ष द्यावे, कारण थोड्याफार फरकाने तो इतरत्रही दिसतो. आधी नकार, मग स्पष्टीकरण, मग गेममधले आभासी चलन आणि दबाव टिकून राहिला तर शेवटी खरी वस्तू. पहिल्या नकारावर जो थांबला, त्याला काहीच मिळाले नाही. ज्याने जाहिरातीचे पान, बिल आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवला होता, त्याला मुदतीत अर्ज करता आला.

प्रकाशक असे का वागतात, हे समजून घेतले तर तक्रार योग्य दारात जाते. खोक्यातल्या वस्तू प्रकाशक सहसा स्वतः बनवत नाही. ते काम परवाना घेतलेल्या दुसऱ्या कंपनीकडे आणि तिच्यामार्फत एखाद्या कारखान्याकडे जाते. गेम प्रसिद्ध होण्याच्या कितीतरी महिने आधी खोक्यांची संख्या ठरते आणि तुटफुटीसाठी सुटे नग थोडेच जास्तीचे बनवले जातात. हा जास्तीचा साठा असेपर्यंत मदत विभाग उदार असतो. तो संपला की ‘बदली वस्तू उपलब्ध नाही’ असे उत्तर येऊ लागते. म्हणून खोके मिळाल्यावर ते ‘नंतर निवांत उघडू’ म्हणून कपाटावर ठेवणे, ही संग्राहकांची सर्वांत महागात पडणारी सवय आहे. सीलबंद खोक्याचा मोह मला कळतो, पण आत काय आहे हे न पाहता जपलेले खोके म्हणजे आपणच गमावलेली मुदत असते.

खोके उघडताना

खोके पुरावा म्हणून उघडावे. आधी बाहेरच्या पुठ्ठ्याच्या सहाही बाजूंची आणि कुरिअरच्या लेबलाची छायाचित्रे घ्यावीत. मग सील फोडण्यापासून शेवटची वस्तू बाहेर येईपर्यंत मध्ये न थांबता एकच चित्रफीत करावी. ‘वस्तू आतच नव्हती’ ही तक्रार सिद्ध करणे सर्वांत कठीण असते आणि त्यासाठी अखंड चित्रफितीइतका सबळ पुरावा दुसरा नाही. पुतळ्याचे सांधे, रंग, तळाची बैठक, तलवारीसारखे बारीक भाग पाहावेत. दिवे किंवा आवाज असलेली वस्तू त्याच दिवशी बॅटरी घालून चालवून पाहावी. क्रमांक घातलेले प्रमाणपत्र असेल, तर त्याचा आकडा टिपून ठेवावा. अतिरिक्त सामग्रीचा कोड मात्र सगळे तपासून होईपर्यंत खरवडू नये, कारण कोड वापरल्यानंतर अख्खे खोके परत घेण्यास दुकान नकार देऊ शकते.

यानंतर खरेदीच्या वेळचे विक्रीचे पान शोधावे. प्री-ऑर्डर करताना त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवला असेल तर उत्तमच. नसेल, तर ऑर्डरच्या ईमेलमधले वर्णन आणि संकेतस्थळांची जुनी रूपे साठवणाऱ्या ‘वेबॅक मशीन’वरची प्रत कामी येते. पान नंतर बदलले जाऊ शकते. नायलॉनच्या पिशवीच्या प्रकरणातही विक्रीच्या पानावरचा खुलासा नंतर आला होता.

इथे स्वतःशी प्रामाणिक राहणे गरजेचे आहे. जे आधीच स्पष्ट सांगितले होते, त्याला दोष म्हणता येत नाही. 2022 साली आलेल्या ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक’च्या कलेक्टर्स एडिशनमध्ये स्टीलबुक होते, पण डिस्क नव्हती, गेम कोडच्या रूपाने मिळणार होता आणि सोनीने ते आधीच जाहीर केले होते. रिकामे स्टीलबुक पाहून अनेकांना वाईट वाटले आणि ते वाटणे रास्तच होते, परंतु त्यावर बदलीचा हक्क उभा राहत नाही. उलट ‘अंतिम वस्तू चित्रापेक्षा वेगळी असू शकते’ ही ओळ पानाच्या तळाशी आहे, म्हणून ग्राहकानेच हार मानण्याचे कारण नाही. ती ओळ रंगछटेतल्या किंवा घडणीतल्या किरकोळ फरकापुरती मान्य करता येईल. शब्दांत ‘कॅनव्हास’ लिहून नायलॉन देणे तिच्या आडोशाने खपवता येऊ नये.

दुकानदार की प्रकाशक

या प्रश्नावर बहुतेकांची चूक होते आणि ती सुधारता येत नाही, म्हणून इथे थोडे थांबतो. वाहतुकीत खोके चेपले असेल किंवा पुतळा फुटला असेल, तर पहिली जबाबदारी विक्रेत्याची असते. मात्र विक्रेत्याकडे सुटा पुतळा नसतो. तो अख्खे खोके परत मागतो आणि त्याच्याकडे दुसरे खोके शिल्लक नसेल, तर पैसे परत करून मोकळा होतो. मर्यादित संख्येची आवृत्ती बाजारातून संपलेली असेल, तर ग्राहकाच्या हाती पैसे राहतात, पण आवृत्ती कायमची जाते. प्रकाशक किंवा त्याचा परवानाधारक मात्र फक्त सदोष नग बदलून देऊ शकतो आणि त्यामुळे आपल्या क्रमांकाचे प्रमाणपत्र व बाकीचा संच आपल्याकडेच राहतो.

म्हणून दोन्हीकडे एकाच दिवशी लेखी कळवावे. विक्रेत्याला दोष कळवून परतीची मुदत राखून ठेवत असल्याचे लिहावे, आणि प्रकाशकाकडे सुट्या वस्तूची बदली मागावी. खोके विक्रेत्याकडे पाठवण्याआधी ‘बदली खोके देणार की पैसे’ याचे उत्तर लेखी घ्यावे. आवृत्ती दुर्मीळ असेल तर माझा कल प्रकाशकाकडून बदली घेण्याकडे आहे. पण परतीची मुदत संपत आली असेल आणि प्रकाशक ठोस उत्तर देत नसेल, तर ती मुदत वाया घालवू नये.

परदेशातून मागवलेल्या खोक्याच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. प्रकाशकाची बदलीची सोय अनेकदा ठराविक देशांपुरतीच असते आणि बदली नग फुकट पाठवला तरी त्यावर भारतात सीमाशुल्क आकारले जाऊ शकते. पार्सलवर कोणती किंमत लिहिली जाईल आणि शुल्क कोण भरेल, हे नग निघण्याआधीच विचारून घ्यावे.

तक्रार कशी लिहावी

तक्रार फोनवर किंवा चॅटवर केली, तरी ती ईमेलने किंवा तिकीट (मदत विभागाकडची क्रमांकित लेखी तक्रार) नोंदवून पुन्हा लिहून द्यावी. पहिल्याच मजकुरात आवृत्तीचे पूर्ण नाव, ऑर्डर क्रमांक, खोके मिळाल्याची तारीख, जाहिरातीतले नेमके शब्द आणि प्रत्यक्ष मिळालेली वस्तू एवढे यावे. त्यानंतर हवे ते एका वाक्यात मागावे. ‘मला खूप निराशा झाली, काहीतरी करा’ असे लिहिले की उत्तरात दिलगिरी मिळते. ‘जाहिरातीत नमूद केलेल्या कॅनव्हासच्या पिशवीची 30 दिवसांत बदली द्यावी, अन्यथा पूर्ण रक्कम परत करावी’ असे लिहिले की उत्तर देणाऱ्याला होय किंवा नाही म्हणावे लागते.

पुरावे जोडताना बिलावरचे कार्डाचे आकडे आणि अनावश्यक वैयक्तिक तपशील झाकावेत. हा सल्ला केवळ सावधगिरीचा नाही. डिसेंबर 2018 मध्ये पिशवीसाठी लोक बिले पाठवत असतानाच बेथेस्डाच्या मदत यंत्रणेत चूक झाली आणि काही ग्राहकांना दुसऱ्यांची तिकिटे, त्यांची नावे, पत्ते आणि खरेदीचे पुरावे दिसू लागले. कंपनीने त्याबद्दल माफी मागितली, परंतु उघड झालेला पत्ता पुन्हा झाकता येत नाही.

आभासी चलन किंवा सवलतीचे कूपन देऊ केले, तर ते स्वीकारल्यावर मूळ तक्रार बंद होणार का, हे आधी विचारावे. बंद होणार असेल, तर आपण पूर्ण निपटारा म्हणून ते स्वीकारत नसल्याचे लिहून कळवावे. काही वेळा सदोष वस्तू परत न मागता ती नष्ट केल्याचे छायाचित्र मागितले जाते. अशा वेळी बदली निश्चित झाल्याचा लेखी निरोप हाती येईपर्यंत वस्तूला हात लावू नये.

दोष आरोग्याशी निगडित असेल, तर वाट पाहण्याचा प्रश्नच नाही. सप्टेंबर 2019 मध्ये अमेरिकेत ‘फॉलआउट’चेच, पण वेगळे विकले गेलेले, गेममधल्या नुका-कोला या काल्पनिक पेयाच्या रंगसंगतीचे सुमारे 20,000 शिरस्त्राण परत मागवण्यात आले, कारण आतल्या कापडी अस्तरात बुरशी असण्याचा धोका होता. तेथील ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने सूचना काढली आणि ते विकणाऱ्या गेमस्टॉप या दुकानसाखळीने पैसे परत देण्याची तयारी दाखवली. अशी सूचना निघाली की प्रकाशकाशी घासाघीस करण्याची गरज उरत नाही. कुबट वास, गळकी बॅटरी किंवा तापणारी वायर दिसली, तर वस्तू वापरणे थांबवून पिशवीत बांधून ठेवावी आणि तक्रारीत ‘सुरक्षेचा धोका’ हे शब्द ठळकपणे लिहावेत.

कधीकधी प्रकाशक स्वतःच माघार घेतात. 2015 साली वॉर्नर ब्रदर्सने ‘बॅटमॅन: आर्खम नाइट’ची बॅटमोबाइल एडिशन (जिच्यात बॅटमॅनच्या मोटारीची प्रतिकृती मिळणार होती) दर्जा राखता येत नसल्याचे कारण देऊन प्रसिद्धीच्या तोंडावर रद्द केली. चाहत्यांची निराशा झाली खरी, परंतु सदोष मोटार घरोघरी पाठवून मग तक्रारी झेलण्यापेक्षा तो मार्ग मला अधिक सचोटीचा वाटतो. अशा वेळी प्री-ऑर्डरची पूर्ण रक्कम परत आली का, एवढेच पाहायचे असते.

उत्तर आलेच नाही तर

भारतात खरेदी केली असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 आपल्या बाजूने आहे. विक्रेत्याने सांगितलेल्या दर्जात किंवा प्रमाणात उणीव असली, तरी तो त्या कायद्याच्या अर्थाने दोष ठरतो. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष वस्तू किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेली वस्तू परत घेण्यास ऑनलाइन विक्रेत्याला नकार देता येत नाही. तसेच संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत पोच देणे आणि महिन्याभरात तक्रार सोडवणे बंधनकारक आहे. म्हणून नेहमीच्या मदत कक्षाशी वाद घालत बसण्यापेक्षा संकेतस्थळावर दिलेले त्या अधिकाऱ्याचे नाव आणि ईमेल शोधावे.

त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर नोंद करता येते. तेथेही निभाव लागला नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल होते, ती ऑनलाइनही करता येते, आणि 5 लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. घटना घडल्यापासून 2 वर्षांची मुदत असते. ब्रिटनमधल्या मराठी वाचकांना तिथल्या 2015 च्या कायद्यानुसार सदोष वस्तू 30 दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागता येतात. ऑस्ट्रेलियात तर ‘फॉलआउट 76’ गेमच्याच परताव्याबाबत ग्राहकांची दिशाभूल झाल्याची शक्यता प्रकाशकाच्या कंपन्यांना 2019 मध्ये तिथल्या स्पर्धा व ग्राहक आयोगापुढे मान्य करावी लागली होती.

बदली वस्तू आली, की तिच्याही खोक्याची पहिल्यासारखीच चित्रफीत करावी आणि ती तपासून झाल्यावरच तिकीट बंद करण्यास संमती द्यावी. सगळा पत्रव्यवहार छापून कलेक्टर्स एडिशनच्या खोक्यातच ठेवावा. पुढे कधी हा संच विकायचा झाला, तर एखादा नग मूळचा नसून प्रकाशकाने बदलून दिलेला आहे, हे घेणाऱ्याला दाखवण्यासाठी तेच कागद लागतात.