तान्ह्या बाळाला घेऊन पन्हाळा: अर्ध्या दिवसाचं गणित

पन्हाळा कोल्हापूरपासून वीसएक किलोमीटर. गाडी थेट गडावर जाते, म्हणून बऱ्याच घरांत मुलांची पहिली सहल तिथंच होते. आणि बिघडते ती बहुतेक एकाच हौसेपायी: पन्हाळा, जोतिबा, मसाई पठार सगळं एका दिवसात उरकायचं. बाळ सोबत असेल तर एकच ठिकाण, तेही अर्धा दिवस. सकाळी सातला निघायचं, ऊन चढायच्या आत परत.

ऐन निघताना दूध पाजू नका. अर्धा-पाऊण तास आधी पाजून, ढेकर काढून मग गाडीत घ्या. भरल्या पोटी बाळ सीटमध्ये दुमडून बसलं की पोटावर दाब येतो आणि वळणावर दूध बाहेर येतं. त्याला आपण 'गाडी लागली' म्हणतो. खरी गाडी लागते ती साधारण दोन वर्षांपुढच्या मुलांना. कानाला कळतं की गाडी वळतेय, डोळे मात्र मोबाईलवर खिळलेले. या विसंगतीनं मळमळतं. वाघबीळचा घाट यायच्या आधीच मोबाईल काढून घ्या, काच थोडी खाली करा आणि लांबचा डोंगर दाखवत राहा.

दुचाकीवर चार वर्षांखालच्या मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा हवा, नऊ महिन्यांपुढं हेल्मेटही, आणि वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत. तसा नियमच आहे. तान्ह्याला मात्र दुचाकीवरून गडावर नेऊच नये, असं आमचं स्पष्ट मत.

बाबागाडी घरीच ठेवा. गडाच्या तीन दरवाजाच्या फरसबंदीवर ती नुसती थडथडते आणि पायऱ्यांवर मुलासकट उचलावी लागते. त्यापेक्षा कापडी कॅरिअर बरं. बाळाचं तोंड तुमच्या छातीकडं, गुडघे ढुंगणापेक्षा थोडे वर, मांड्यांना सांध्यापर्यंत आधार. हनुवटी आणि छाती यांत दोन बोटं मावली पाहिजेत. हनुवटी छातीला टेकली की लहानग्याचा श्वास अडतो. मान खाली घातली की त्याच्या डोक्याचा मुका घेता आला, तर उंची बरोबर. दूध पितानाही चेहरा ओढणीखाली पूर्ण झाकू नका. पाठीवरची फ्रेमची बॅग मूल स्वतःचं स्वतः नीट बसायला लागल्यावरच.

एक गोष्ट हमखास चुकते. चढावर बाबा घामाघूम होतात आणि त्यांना वाटतं, पोरालाही उकडत असेल. पण पोर पाठीवर नुसतं बसलेलं असतं, वरून गडावरचा वारा. पावसाळ्यात धुक्यानं टोपडं ओलं झालं की आणखीनच गारठतं. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नका, ते एरवीही गारच असतात; मानेच्या मागं बोट लावून बघा. तिथं गार लागलं तर एक थर चढवा, घाम लागला तर एक उतरवा. कोरडे दोन जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळे ठेवा.

डायपर दर अडीच तासाला एक आणि वर दोन जादा. पाच तासांना चार पुरतात. वरच्या दुधाचं बाळ असेल तर थर्मासमध्ये उकळतं पाणी आणि कोरड्या डबीत मोजलेली पावडर न्या, दूध तिथंच करून कोमट झाल्यावर पाजा. तोंड लावल्यावर तासाभरात संपलं नाही तर ओतून टाका. सहा महिन्यांखालच्या बाळाला उन्हातही वेगळं पाणी नको, अंगावरचं किंवा बाटलीचं दूध पुरे. मोठ्याला केळं सगळ्यात सोयीचं: भांडं नको, गरम करणं नको. झुणका-भाकरी आपण खावी, पण शेंगदाणे आणि फुटाणे पाच वर्षांखालच्या मुलाच्या हाती देऊ नका. ते श्वासनलिकेत अडकतात. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोट चाटवणंही नको.

चालत्या मुलांना तबक उद्यानात मोकळं सोडा. कड्याच्या काठावरच्या सज्जा कोठीला मात्र हात धरूनच. अंधारबाव या जुन्या विहिरीच्या पायऱ्या पावसाळ्यात टाळलेल्याच बऱ्या.

जोतिबाला जायचंच असेल तर वेगळा दिवस काढा, आणि रविवार सोडून. रविवार देवाचा वार, गर्दी आणि गुलाल दोन्ही जास्त. ती पूड बाळाच्या नाका-डोळ्यांत जाते. दुपारी दगडी फरशी तापते, तेव्हा मुलांना पायमोजे घाला किंवा कडेवर घ्या. वापरलेले डायपर पिशवीला गाठ मारून डिकीत टाका आणि घरी आणून कचऱ्यात टाका.